सौमित्राचं यंत्र आणि मठाची झोळी

"आत चौघंही ठणठणीत आहेत बुवा, मग बाहेर बोलायची वेळ आली की मुकी का होतात?"

गंगाधरबुवा एकतारीची खुंटी पिळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चौघं कोण?"

सौमित्र देवस्थळीने कपाळाला हात लावला. आता या माणसाला कुठून सांगायला लागायचं! पुण्यातली नोकरी सोडून तो कातळवाडीच्या मठात राहायला आला, तेव्हा कपड्यांची पिशवी होती एवढीशी आणि संगणकाची पेटी भलीथोरली. त्याच दिवशी मठाला कळलं होतं की पोरगं हुशार आहे आणि हुशारी खाली ठेवून आलेलं नाही.

तरी त्याने सांगितलं. संगणक एकच, पण त्याच्या पोटात चार संगणक नांदतात. चौघांची कामं वेगळी, बिऱ्हाडं वेगळी. एक जुनी भजनं सांभाळतो, एक मठाची छायाचित्रं, एक नुसता राखणीला. चौथा मात्र लाखमोलाचा. मठातलं सांजभजन जसंच्या तसं दूर पोचवणं हे त्याचं काम. पुण्याच्या घरी इंटरनेटची वायर होती, तिथे हा सगळा प्रपंच सुरळीत चालायचा. इथे डोंगर म्हणजे नुसता कातळ, वायर येणार कुठून? पायथ्याच्या शाळेच्या गच्चीवरून हवेतून जे येईल तेवढंच इंटरनेट.

"शाळेवरचं ते यंत्र माझ्या मोठ्या यंत्राला ओळखतं. पोटातल्या चौघांना दारात उभंही करत नाही. प्रत्येकाला मी स्वतःचं नाव दिलंय, स्वतःचा पत्ता दिलाय... तरी नाही."

"हं..." बुवा म्हणाले, आणि खुंटी आणखी थोडी पिळली.

मठासाठी रोज भिक्षा मागून आणणारे म्हातारे तातोबा एकदा म्हणाले होते, मग त्या मोठ्यावरच चढव की भजन. सौमित्र हसला होता. मोठ्या यंत्रावर काही चढवायचं नाही, त्याने फक्त पोटातल्यांना सांभाळायचं, हा त्याचा नेम. आणि नेम मोडेल तो सौमित्र कसला!

पण आज हसायची सोय नव्हती.

चंद्राक्का गडहिंग्लजला भाचीच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. बुवांच्या गुरुबहीण. उभा जन्म त्यांनी या मठात एकतारी धरली. आता डोळे उघडायचे ते कधीमधी. एकदा सांजभजन ऐकू द्या, एवढंच मागणं होतं त्यांचं.

फोनवरून ऐकवून झालं होतं. फोनला माणसाचं बोलणं कळतं. टाळ आणि एकतारी म्हणजे त्याच्या लेखी गोंगाट, तो सगळा गाळून टाकतो. अक्का क्षीण आवाजात म्हणाल्या होत्या, "एकतारी कुठं गेली?"

त्यावर बुवा उठून बाहेर गेले होते. तेव्हाच सौमित्राने शब्द दिला होता, एकतारी मी पोचवतो. आणि आज सकाळी भाचीचा निरोप आला होता, करायचं ते आजच करा.

"बुवा, काहीतरी सांगा."

"भूक लागली," बुवा म्हणाले. "आज भिक्षेला सगळ्यांनी जायचं. ज्याने त्याने आपापलं भांडं घ्यावं आणि आपापलं नाव सांगावं. तातोबा, तू तुझी झोळी घे."

सौमित्राच्या अंगाचा तिळपापड झाला. इकडे अक्कांचा जीव टांगणीला आणि यांना भाकरीचं पडलंय! पण मठात बुवांचा शब्द खाली पडत नाही. त्याने स्टीलचा डबा उचलला आणि पाय आपटत डोंगर उतरला. एरवी खोलीतून न हलणारा हा गडी आज पहिल्यांदाच भिक्षेला निघाला होता.

पहिलंच घर सुंदराकाकूंचं. सौमित्राने नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वर शिक्षणही सांगून टाकलं.

काकूंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"झोळी कुठं हाय?"

"झोळी नाही. पण मी मठातलाच."

"असशील की बाबा. पर मी निळ्या ठिगळाची झोळी वळखते. तू कोन, मला काय ठावं?"

मागे कधी भामटे मठाचं नाव सांगून गाव लुबाडून गेले होते. तेव्हापासून गावाने ही रीत धरली होती: निळ्या ठिगळाच्या झोळीला घालायचं, बाकी कुणाला नाही. दुसऱ्या दारी तेच झालं, तिसऱ्या दारीही तेच. बरोबरचे दोघे गुरुबंधूही हात हलवत परतले. सौमित्राने रिकामा डबा ओसरीवर आदळला. अपमानापेक्षा वेळ फुकट गेल्याची आग जास्त होती.

मग तातोबा आले. गुडघे धरत, कण्हत... पण निळ्या ठिगळाची झोळी भरलेली.

पानं मांडली. तातोबांनी एकाच झोळीतून वाढायला घेतलं. बुवांना मऊ भाकरी, दात नाहीत म्हणून. एका गुरुबंधूला बिनमिठाची आमटी, पथ्य म्हणून. सौमित्राच्या पानाशी त्यांनी दह्याची वाटी ठेवली.

सौमित्र बघतच राहिला. त्याला तिखट सोसत नाही, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रोज मुकाट्याने पाणी पिऊन तो जेवण उरकायचा. आणि दह्याची वाटी रोज पानाशी असायची... ती कुठून येते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

त्याचा आवाज जरा ओला झाला.

"माझं नाव सांगून मागितलंत, तातोबा?"

"तुझं नाव कशाला? तुला कोण ओळखतंय तिथं? मठाच्या नावानं मागितलं. कुणाचं काय, ते माझ्या ध्यानात."

सौमित्राचा घास हातातच राहिला.

"परत म्हणा."

"काय?"

पण तो ऐकायला थांबला कुठे! पानावरून उठला, धोतराच्या सोग्यात पाय अडकून धडपडला, तसाच खोलीकडे धावला.

"हात धू," बुवा म्हणाले.

दुपार कलली तरी खोलीचं दार बंद होतं. आत सौमित्राने चौघांची बाहेरची नावं काढून टाकली होती. किती हौसेने ठेवलेली नावं ती! आता बाहेर जायचं ते मोठ्या यंत्राने, एकट्याने, आपल्या एकाच नावाने. चौघांचं मागणं त्याने न्यायचं, आलेलं आणायचं आणि ज्याचं त्याला द्यायचं. शाळेच्या गच्चीला ओळखीचं तेच एक तोंड दिसणार होतं.

दिवे लागले. टाळ वाजले. बुवांनी एकतारी छातीशी धरली.

सौमित्र दारात उभा होता. चौथा बोलतोय हे त्याला पडद्यावर दिसत होतं, पण तिकडे भाचीच्या संगणकावर कुणी ऐकतंय का, ते कसं कळणार?

पहिलं पद संपलं... आणि सौमित्राचा फोन वाजला. भाची होती. रडत होती की हसत होती, काही कळेना.

"अक्कांनी डोळे उघडलेत. बोटांनी ताल धरलाय. म्हणतात, एकतारी उतरलीय, बुवाला म्हणावं तार चढव."

सौमित्राने निरोप जसाच्या तसा बुवांना सांगितला.

बुवांनी तार छेडली. कान दिला. खरंच उतरली होती, अगदी केसभर. त्यांनी खुंटी पिळली, पुन्हा छेडली, आणि मग हा कातळासारखा माणूस सगळ्यांदेखत रडला. रडता रडताच त्यांनी दुसरं पद असं उचललं की तातोबा दुखरे गुडघे विसरून उठून नाचायला लागले. सौमित्र त्यांच्याबरोबर नाचला, ज्याने जन्मात कधी टाळ हातात धरला नव्हता तो.

भजन संपल्यावर भाची पुन्हा बोलली. अक्का विचारत होत्या, हे कुणी केलं, त्याचं नाव काय?

सौमित्राने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं होतं, आडनावासकट...

"मठातून आलं, म्हणावं," तो म्हणाला.

बुवा उठले. भिंतीवरून निळ्या ठिगळाची झोळी काढली आणि सौमित्राच्या खांद्यावर घातली.

"तातोबाला ताक लागतं," ते म्हणाले. "ध्यानात ठेव."