हैबतरावांच्या हुकमाचं कारलं

हैबतराव जहागीरदारांना दोनच गोष्टी प्राणाहून प्रिय होत्या: स्वतःची मिशी आणि स्वतःचा हुकूम. कारलं मात्र त्यांना डोळ्यांसमोर चालत नसे.

एकदा त्यांच्या पत्नी तुळजाबाई परसबागेसाठी बियाणं निवडत बसल्या होत्या. कारल्याच्या बिया दिसताच हैबतराव गरजले, "यंदा कारलं लावाल तर बिनकडू लावा! अंगावर त्या गाठी नकोत. त्याची खीरसुद्धा करता आली पाहिजे. नाही जमलं, तर बाग मोडून इथे घोडे बांधीन!"

"बरं," तुळजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसऱ्याच पुडीतल्या बिया लावल्या.

मांडवावर वेल चढला, फळं लोंबू लागली. हैबतरावांनी थाटात पाहुण्यांना जेवायला बोलावलं. "घ्या, आमच्या हुकमाचं कारलं!"

एका पाहुण्याने घास गिळला आणि तो चाचरत म्हणाला, "सरकार, हा तर दुधी आहे."

हैबतराव लालबुंद झाले. "तुळजाबाई, ही काय थट्टा?"

"थट्टा कसली?" वाढता वाढता तुळजाबाई म्हणाल्या. "तुमच्या हुकमाप्रमाणे कारल्याचा कडूपणा काढला, गाठी काढल्या. मग उरला तो दुधी. अहो, फेटा, मिशी आणि आरडाओरडा काढून टाकला, तर तुम्हाला तरी जहागीरदार कोण म्हणेल?"

पाहुण्यांनी हसू लपवायला माना ताटात घातल्या. हैबतरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला. ती जागेवर होती.

"उद्याच कारलं लावा," ते खाकरून म्हणाले. "चांगलं कडू. आणि गाठी जरा जास्तच असू द्या."