पोचा पडलेला पृथ्वीगोल

एका गावच्या शाळेत एकदा एका साध्या प्रश्नावलीने मुख्याध्यापिकांची झोप उडवली. प्रश्नावली आत्मपरीक्षणाची होती. शाळेतलं डिजिटल शिक्षण कसं चाललं आहे, हे मुख्याध्यापक, शिक्षक आणि मुलं यांनी नाव न घालता आपापलं सांगायचं, आणि संगणकाने तिघांची उत्तरं शेजारी शेजारी मांडून शाळेलाच दाखवायची, एवढाच तिचा हेतू.

कुमुदिनी रेडकर या मुख्याध्यापिका. बाई शिस्तीला कडक, कामाला चोख, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले. ज्या शाळेत आपण शिकलो तिला 'आदर्श डिजिटल शाळा' हा मान मिळवून द्यावा आणि मगच खुर्ची सोडावी, हीच एक इच्छा. शाळेला मिळालेले वीस टॅब त्यांनी तीन वर्षं कुलुपात जपले होते. पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. साहित्याच्या नोंदवहीत त्या दरवर्षी ठसठशीत अक्षरांत एकच शब्द लिहीत: सुस्थितीत.

उत्तरं आली. बाईंनी आणि शिक्षकांनी सगळीकडे 'उत्तम' लिहिलं होतं. 'टॅबवर तुम्ही काय काय करता?' या प्रश्नाला बहुतेक मुलांनी लिहिलं होतं, 'दसऱ्याला फुलं वाहतो.'

बाईंच्या पायाखालची वाळूच सरकली. मानाच्या अर्जाला हीच उत्तरं जोडायची होती; आता मान कसला मिळतोय! मुलांना प्रश्न कळला नसणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तरं बदलता येत होती. मुलांना नीट समजावून ती पुन्हा भरून घ्यावीत असं त्यांनी ठरवलं, आणि समजावायला म्हापणकर गुरुजींना बोलावलं. गुरुजी म्हणजे याच शाळेचे जुने मुख्याध्यापक आणि बाईंचे लहानपणचे शिक्षक. वय चौऱ्याऐंशी, पण गावात अजून त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

गुरुजी आले, चहा प्यायले, मुलांची उत्तरं वाचली आणि पोट धरून हसले. बाईंना ते मुळीच रुचलं नाही. मग गुरुजींनी शिपायाला माळ्यावरून जुना पृथ्वीगोल काढायला लावला. धोतराच्या सोग्याने तो पुसला आणि टेबलावर एका कोऱ्या टॅबशेजारी ठेवला. गोल पत्र्याचा, रंग उडालेला, आणि हिंदी महासागरात अंगठा मावेल एवढा पोचा.

"कुमुद, यांतलं सुस्थितीत कुठलं?"

"हे काय विचारणं झालं, गुरुजी? टॅबच की."

"आणि हा पोचा कुणी पाडला, आठवतं?"

बाईंना चांगलंच आठवत होतं. पाचवीत असताना गोल त्यांच्याच हातून निसटला होता. आता छडी बसणार असंच त्यांना वाटलं होतं. गुरुजींनी तो उचलून पुन्हा त्यांच्याच हातात दिला होता आणि श्रीलंका शोधायला सांगितली होती.

गुरुजी म्हणाले, "त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला, 'पृथ्वीगोल नादुरुस्त, मुख्याध्यापक निष्काळजी.' म्हटलं, असू दे. गोल कुलुपात ठेवला असता तर माझी नोंदवही निर्मळ राहिली असती, आणि आमची कुमुद जग न बघताच मोठी झाली असती. नोंदवही वस्तूची अवस्था सांगते गं, शाळेची नाही. शाळेची मुलांनी सांगितली आहे, तीही न घाबरता. ज्या शाळेत मुलं खरं लिहितात, तिथे तू काहीतरी फार चांगलं केलेलं आहेस. ते पुसू नकोस."

अठ्ठेचाळीस वर्षांत त्या शेऱ्याबद्दल गुरुजींनी अवाक्षर काढलं नव्हतं. बाई पाया पडायला वाकल्या, तर गुरुजी म्हणाले, पाया कसली पडतेस, आधी किल्ली काढ.

मुलांची उत्तरं होती तशीच राहिली. मान शेजारच्या गावच्या शाळेला मिळाला, आणि बाईंना दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण कपाट उघडलं ते उघडलंच. पंधरवड्यात सहावीतल्या एका मुलीच्या हातून टॅब पडला. पोरीचा चेहरा पांढराफटक झाला. बाईंनी टॅब उचलला, चालू होतोय का ते पाहिलं, आणि पुन्हा तिच्याच हातात दिला.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी नोंदवही शेवटची लिहिली. वीस टॅबांपुढे या वेळी शब्द होता, 'वापरात. एकाचा कोपरा फुटला आहे.' आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात, 'मुलांचे आभार.'