वाऱ्याचा गळा

“उद्या कड्यावरून उडी मारताना माझ्या डोक्यावर किंवा अंगावर जे काही असेल, त्याला एक जरी भोक दिसलं, तर आधी शिंप्याला ढकला! तेही छत्रीशिवाय!” चंडराव राजा गरजला, आणि म्हाताऱ्या गोंदाजी शिंप्याच्या तोंडचं पाणी पळालं.

राजाच्या डोक्यात खूळ शिरलं होतं. छत्रीला लटकून गडावरून तरंगत खाली उतरायचं! गोंदाजीने रेशमाचे पट्टे जोडून घुमटाएवढी छत्री शिवली. काठाला अंबाडीच्या दोऱ्या, दोऱ्यांना पितळी कड्या आणि खाली माणूस बांधायला चामड्याचा पट्टा. त्यात भोपळा बांधून सोडला, तर कोंडलेल्या वाऱ्याने छत्री अशी झोकांड्या खाऊ लागली, की भोपळा कड्यावर आपटून फुटला! मग गोंदाजीच्या लेकीने, ठकूने, छत्रीच्या मधोमध ताटलीएवढं गोल कापलं. वारा वरून निघून गेला आणि दुसरा भोपळा अलगद उतरला. राजाला भोपळा दिसलाच नाही. भोक तेवढं दिसलं.

“बाबा, रडू नका. डोक्यावर किंवा अंगावर म्हणाले ना? मग झालं तर!” ठकू म्हणाली आणि सुई-दोरा घेऊन बसली.

सकाळी कड्यावर दरबार जमला. ठकूने जरीचा नवा अंगरखा पुढे केला.

“महाराज, आधी हा चढवा.”

राजा खालून आत शिरला तो आतच अडकला. इकडे डोकं खुपसलं, तिकडे हात खुपसले, स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या. प्रधानजी घाबरून कड्याच्या बाजूला आडवे उभे राहिले.

“अगं ए! गळा कुठाय? बाह्या कुठायत?”

“भोकं नकोत म्हणालात ना! छत्री खालून उघडी, तसा हा अंगरखाही खालून उघडा. वर सगळं बंद!”

“गळा म्हणजे काय भोक असतं, बावळट? डोकं कुठून काढू? जीव घुसमटतोय माझा!”

“वाराही तेच म्हणत होता, महाराज! अंगरखा आपण घालणार, म्हणून त्याला आपल्या डोक्याएवढा गळा. छत्री वारा घालणार, म्हणून तिला वाऱ्याच्या डोक्याएवढा!”

 गोंदाजीने डोळे मिटून घेतले. मग अंगरखा गदगदा हलू लागला, आणि आतून असं हसू फुटलं की प्रधानजीही हसत सुटले.

राजाने जुनाच अंगरखा चढवला, पट्टा आवळला आणि भोकाच्या त्याच छत्रीने उडी घेतली. अलगद तरंगत तो ओरडला,

“रेशमाचा अख्खा तागा तुझा, ठकू! पण आधी त्या अंगरख्याला गळा ठेव!”