वरच्या वाडीचा ऊस

खूप खूप वर्षांमागे एका डोंगराच्या कुशीत दोन वाड्या होत्या. वरच्या वाडीला लागून एक बारमाही ओढा वाही आणि पुढे खालच्या वाडीत जाई.

वरच्या वाडीत म्हाळसाबाई राहत होती. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं शेती सांभाळली. एकुलती एक लेक ठकू तिनं खालच्या वाडीत दिली, डोळ्यांसमोर राहील म्हणून.

एका वर्षी म्हाळसाबाईनं उतारावरचं रान तोडून ऊस लावला. ओढ्याला बांध घालून पाणी शेतात वळवलं. ऊस असा तरारला की बघत राहावं! तिचं पाहून सगळ्या वाडीनं रान तोडलं आणि ऊस लावला.

पुढे पाऊसही लहरी झाला. महिना महिना तोंड दाखवायचा नाही, मग एका दुपारी सगळा कोसळायचा. उघड्या उतारावर पाणी मुरेना. माती घेऊन धावत सुटे. दिवाळी सरली की ओढा बारीक होई, आणि उरलेलं पाणी ऊस पिऊन टाकी.

शिमग्याच्या सुमारास ठकू माहेरी आली. म्हाळसाबाई हरखली.

"चार दिवस राहा गं!"

"नाही आई, पाणी न्यायला आलेय." ठकूनं हंडे खाली ठेवले.

"एवढ्या लांब? तुमच्याकडे ओढा आहे ना?"

"ओढा तुझ्या उसापाशीच संपतो, आई."

म्हाळसाबाईनं हंडे भरले, एक डोक्यावर घेतला आणि लेकीबरोबर निघाली. खाली ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून ठकूची सासू करवंटीनं पाणी भरत बसली होती. ती लगबगीनं उठली.

"विहीणबाई, उन्हातून आलात. आधी घोटभर पाणी घ्या."

म्हाळसाबाईनं तो घोट परत हंड्यात ओतला.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन बांधावर गेली. शेजारचा धोंडिबा धावत आला.

"ऊस वाळेल तुझा! पाऊस कमी झाला, त्यात आपला काय दोष?"

"पाऊस माझ्या हातात नाही धोंडिबा, बांध आहे," म्हाळसाबाई म्हणाली आणि तिनं बांध फोडला.

त्या वर्षी तिचा ऊस वाळला. तिला वाईट वाटलं, पण झोप शांत लागली. मग तिनं नाचणी पेरली. उतारावर आडवे चर खणले, जांभूळ आणि करंज लावले. मदतीला सगळ्यांत आधी विहीणबाई आली, मागोमाग सगळी खालची वाडी.

पावसाळ्यात मोठी सर आली. धोंडिबाची माती वाहून गेली. म्हाळसाबाईची जागच्या जागी राहिली. धोंडिबा चिखलातूनच तिच्या दारी आला.

"चर कसे खणायचे, दाखव बाई."

हळूहळू वरच्या वाडीनं ऊस आवरता घेतला आणि उतारावर पुन्हा रान वाढवलं. पाऊस लहरीच राहिला, पण ओढा वैशाखापर्यंत वाहू लागला. संध्याकाळी काठावर दोन्ही वाड्यांची गुरं पाणी पीत आणि दोघी विहिणी गप्पा मारत बसत.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, पाणी जमिनीत मुरवावं आणि शेजाऱ्यासाठी पुढे वाहू द्यावं. मग लहरी पावसातही कुणी तहानेलं राहत नाही.