सातवा कप

“मग यंदा शेवटचं कोण?” तुंगाक्कांनी विचारलं.

श्रीरंगला हसू आलं. पहिलं कोण, असं त्या विचारतील असं त्याला वाटलं होतं. सगळे तेच विचारतात.

“कर्वेनगर,” तो म्हणाला. “दहापैकी चार. तेसुद्धा दया आली म्हणून.”

रास्ता पेठेत अक्कांची कॉफीच्या बिया भाजायची भट्टी होती. चाळीस वर्षं त्या बिया भाजत आणि चाखत आल्या होत्या. श्रीरंगची जीभ त्यांनीच तयार केलेली. दोन वर्षं तो इथे पोती उचलत होता, घोट घेऊन थुंकत होता आणि बोलणी खात होता.

आता त्याचं नाव झालं होतं. वर्षातून एक दिवस तो स्कूटरवरून निघायचा, दुकानादुकानांतली एस्प्रेसो प्यायचा, बिनदुधाची, बिनसाखरेची, आणि कोण किती पाण्यात आहे ते लिहायचा. हजारो लोक ती यादी फोनवर वाचत आणि मगच कुठे जायचं ते ठरवत.

यंदाची यादी आज संध्याकाळी जाहीर व्हायची होती. तिच्यावर अक्कांचा एक शब्द हवा होता. ‘पोरगा बरोबर सांगतो’, बस, एवढंच. त्यासाठी तर स्वारी पेढे घेऊन आली होती!

भट्टीच्या कोपऱ्यात एक बाई सुपात बिया पाखडत बसली होती. श्रीरंगने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“सगळी दुकानं एकाच दिवसात?” अक्कांनी विचारलं.

“एकाच दिवसात. आणि मध्ये पाण्याचा थेंब नाही!” तो ऐटीत म्हणाला. “कपाबरोबर पाण्याचा ग्लास ठेवतात ना, तो मी परत पाठवतो. पाणी लागतं नवशिक्यांना. माझी जीभ पक्की आहे, अक्का.”

दोन कपांच्या मध्ये चूळ भरायची, हा या भट्टीतला पहिल्या दिवसाचा पहिला धडा. तो श्रीरंगला आठवत नव्हता असं नाही. पण चारचौघांत, कॅमेरा चालू असताना, गुळण्या करत कोण बसणार?

“गेल्या वर्षी शेवटचं कोण होतं?”

“वारजे. बंद पडलं ते. पडणारच होतं म्हणा.”

“काय लिहिलं होतंस?”

ते तर त्याला तोंडपाठ होतं. “‘जळक्या लाकडांचा काढा. वैऱ्यालासुद्धा पाजू नये.’ लोक पोट धरधरून हसले, अक्का!”

कोपऱ्यातलं सूप थांबलं.

“बरं. यंदाची यादी वाच. पहिल्यापासून.”

त्याने खिशातून कागद काढला. “औंध, पाषाण, सेनापती बापट रस्ता, प्रभात रस्ता, कोथरूड, कर्वेनगर.”

“आता कागद ठेव. घरातून निघालास, मग कुठे कुठे गेलास ते सांग.”

“घर औंधला, म्हणून आधी औंध. मग पाषाण. तिथून सेनापती बापट रस्ता, मग प्रभात रस्ता, मग को...”

“का रे, थांबलास का?”

“कोथरूड,” तो हळूच म्हणाला. “मग... कर्वेनगर.”

“गेल्या वर्षी कर्वेनगर कितवं होतं?”

“सहावं.”

“आणि त्याच्या पुढे?”

कर्वेनगरच्या पुढे वारजे लागतं, हे पुण्यातला कुठलाही रिक्षावाला सांगेल.

श्रीरंगचे कान तापले. औंधला पोचायचा तेव्हा त्याचं तोंड स्वच्छ असायचं. वारज्याला पोचेपर्यंत सहा दुकानांचा कडूपणा जिभेवर चढलेला असायचा, आणि तो सगळा त्याने सातव्याच्या माथी मारला होता. कोणाचं तरी चालतं दुकान त्याने बुडवलं होतं, वर त्याच्यावर लोकांना हसवलं होतं. आज संध्याकाळी तो आणखी एक बुडवणार होता. आणि त्याचे पेढे वाटायला आला होता! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांकडे बघायची सोय राहिली नाही.

“अक्का... वारज्याचं ते दुकान कोणाचं होतं?”

“गेला होतास ना तू? कप कोणी आणून दिला?”

त्याने खूप आठवून पाहिलं. कप आठवत होता. कपातला फेस आठवत होता. माणूस काही आठवेना.

अक्कांनी कोपऱ्याकडे मान वळवली. “यामिनी, पाणी आण गं.”

सुपाजवळची बाई उठली. ओढणीला हात पुसून आत गेली आणि भांडंभर पाणी घेऊन आली. भांडं तिने श्रीरंगच्या उजव्या हाताला ठेवलं, खाली कागदी रुमाल घालून, गिऱ्हाइकापुढे ठेवतात तसं.

“तेव्हाही ठेवलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही परत पाठवलंत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो धडपडत उठला. पेढ्यांचा पुडा मांडीवरून खाली पडला. त्याने हात जोडले.

“ताई, माझं चुकलं. फार मोठं चुकलं. ही यादी मी फाडतो. आजच्या आज सगळ्यांसमोर लिहितो की...”

अक्कांनी भांडं उचललं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं.

“आधी चूळ भर.”