पळत्या पळसाचा चौरंग

एका राज्यात पृथुसेन नावाचा राजा होता. राज्य सात टेकड्यांचे, दोन नद्यांचे, धनधान्याने भरलेले. राजा शूर होता, उदार होता, पण त्याला एक खोड होती. कोणाचे ऐकून घ्यायला त्याला कधी वेळ नसे.

एके दिवशी दरबारात एक म्हातारी आली. नऊ दिवस चालून आली होती. गुडघ्यापर्यंत धूळ, टाचांना भेगा. तिने चहूकडे पाहिले. कोणी पाट मांडला नाही, कोणी पाणी विचारले नाही. राजा नव्या सिंहासनाच्या हातांवर कोरलेले मोर न्याहाळत होता. मान वर न करताच तो म्हणाला, "काय असेल ते उभ्या उभ्या सांग."

ती म्हातारी म्हणजे शंखिनी नावाची जादूगारीण होती. ती म्हणाली, "फार काही सांगायचे नाही, राजा. आजपासून तुझे सारे राज्य उभे राहील." तिने काठी आपटली, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसली तेव्हा तिथे कोणी नव्हते.

त्याच क्षणी सिंहासन राजाच्या खालून सरकले. राजा फरशीवर पडला. फरशीने उसळी मारली आणि राजाला पुन्हा पायांवर उभे केले.

मग राज्यात कोणालाच बसता येईना. निजता येई, चालता येई, पण बूड टेकता येईना. पाटावर बसावे तर पाट पळे. बाजेवर टेकावे तर बाज उलटे. जात्यापाशी बसता येईना म्हणून दळण थांबले, आणि लोक कण्या शिजवून उभ्याने खाऊ लागले. कोष्ट्यांचे माग थांबले, कुंभाराचे चाक थांबले. म्हाताऱ्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले.

त्यातच राजकन्या केतकीचे लग्न ठरले होते. मुहूर्ताला वीस दिवस उरले होते. वराच्या पित्याने निरोप धाडला, "वधू बोहल्यावर बसणार असेल तर वरात आणतो. नाहीतर दुसरे घर पाहतो."

केतकी राजाला म्हणाली, "तात, लग्न मोडले तर मी रडेन आणि मग गप्प होईन. पण माझी दाई सात दिवस भिंतीला टेकून उभी आहे. तिच्याकडे पाहवत नाही. तुम्ही काही करा."

शापाचा उतारा विचारायला राजाने जाणता पक्षी शोधला. सुतारपक्ष्याला विचारावे असे प्रधान म्हणाला, पण तो लाकडे ठोकण्यात दंग होता. बागेतल्या उंबरावर तांबट पक्षी राही. त्याला तीन काळांचे ज्ञान होते. राजाने हात जोडले. तांबट म्हणाला, "टुक टुक. शाप आसनाने लागला, आसनानेच सुटेल. अटी तीन. लाकूड पळत्या पळसाचे हवे, आणि ते तोडून नव्हे, मागून आणायचे. लोखंडाचा खिळा लावायचा नाही. आणि ज्याच्या तोंडून 'उभ्या उभ्या' हा शब्द गेला, त्याच्याच हातांनी आसन घडायचे. सुताराने हात लावायचा नाही, शब्द सांगायचा नाही, खूणही करायची नाही."

राजा म्हणाला, "मी जन्मात रंधा धरलेला नाही."

"ते मला ठाऊक आहे," तांबट म्हणाला आणि उडून गेला.

राजा एकटाच निघाला. कुठेही जा, पळसाला पाने तीनच; पण पळत्या पळसाला पाने चार, हीच त्याची ओळख. तीन दिवस हिंडल्यावर पूर्वेच्या माळावर राजाला तो दिसला. लाल फुलांनी डवरलेला, मुळे उचलून तुरुतुरु चाललेला, मागे नांगरटीसारख्या सऱ्या पाडत. पहिल्या दिवशी राजाने त्याच्यामागे दोर घेऊन धाव घेतली. पळस टेकडीपलीकडे गेला. दुसऱ्या दिवशी राजा वाट अडवून उभा राहिला; पळस त्याला वळसा घालून गेला. तिसऱ्या दिवशी राजाच्या अंगात धावायचे त्राण नव्हते, आणि बसायची तर सोयच नव्हती. तो नुसता पळसाच्या बाजूने चालू लागला. दुपारपर्यंत दोघे बरोबरीने चालले.

शेवटी पळस म्हणाला, "तू बसत का नाहीस?"

"बसता येत नाही."

"मला थांबता येत नाही. तुला काय हवे?"

राजाने आजवर कोणाला सांगितले नव्हते ते सांगितले. "एक म्हातारी नऊ दिवस चालून माझ्या दारी आली. मी तिला बस म्हटले नाही. तिचे काम काय होते, तेही मला ठाऊक नाही. माझी चूक, आणि पाय सुजले लोकांचे. मला आसनापुरते लाकूड दे."

 पळसाने चालता चालता अंग झाडले, तशी एक जाड वाळलेली फांदी खाली पडली. "वादळात मोडली होती. उगाच वागवत होतो. ने. पण सांगून ठेवतो, तिला चालायची सवय आहे."

खरेच होते ते. राजा परत निघाला तशी फांदी वासरासारखी त्याच्या बाजूने चालू लागली.

राजधानीत धोंडोजी नावाचे वृद्ध सुतार होते. सिंहासनावरचे मोर त्यांनीच कोरले होते. त्यांनी आपली करवत, रंधा आणि पटाशी राजापुढे ठेवली आणि म्हणाले, "महाराज, मी बोलणार नाही, बोट हलवणार नाही. पण अवजारे माझी आहेत. त्यांचे काय होते ते पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही." मग तोंडातून शब्द निसटू नये म्हणून त्यांनी दोन्ही गालांत विडा भरला आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

राजाने चौरंग करायला घेतला. पहिला चौरंग चार दिवसांत झाला आणि हात लावताच पसरला. करवत वाकडी चालली होती आणि पायांची जीभ, म्हणजे खाचेत बसवायचे टोक, खाचेत डुगडुगत होती. धोंडोजींनी डोळे मिटून घेतले.

दुसरा पाच दिवसांत झाला. राजाने अंगचे बळ लावले. लाकूड पळू लागले की गुडघ्याखाली दाबायचे, रंधा दाबून मारायचा. ढलप्या निघाल्या, तळहातांना फोड आले. चौरंग उभा राहिला. राजा आनंदाने मागे सरला, तोच चौरंगाने पाय उचलले आणि तो चारी पायांनी दुडुदुडु पळाला. शिपाई मागे, प्रधान मागे, केतकी पदर खोचून मागे! चौरंगाने बाजार ओलांडला, वेस ओलांडली आणि माळावर दिसेनासा झाला. सारे नगर पोट धरून हसले. शाप लागल्यापासून लोक पहिल्यांदाच हसत होते. राजाही हसला.

आता फांदीचा शेवटचा तुकडा उरला होता आणि मुहूर्ताला तीन दिवस. राजाने रंधा उचलला, पण चालवला नाही. त्याने तुकडा मांडीशी धरला आणि फोडांनी दुखणारा हात त्यावरून हळूच फिरवला. एका बाजूने हात नेला तर कुसळे बोचली आणि लाकूड थरथरले. उलट बाजूने नेला तर मऊ लागले, आणि लाकूड मांजरासारखे निवांत झाले. राजाने पुन्हा पाहिले. पुन्हा तसेच.

"तुझ्या कलाने घ्यायचे होय!" राजा लाकडाला म्हणाला.

भिंतीपाशी धोंडोजींच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी पापणीही हलवली नाही.

त्यानंतर राजाने घाई केली नाही. रेघ जिकडे वाहते तिकडे रंधा. खाच थोडी कोरायची, जीभ लावून पाहायची, पुन्हा थोडी कोरायची. लाकूड अडले की थांबायचे, काय म्हणते ते पाहायचे. प्रधान तीनदा राजकाज घेऊन आला. राजाने तिन्ही वेळा हातातले काम ठेवले आणि त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकले. प्रधान चक्रावून परत गेला.

मुहूर्ताच्या सकाळी तिसरा चौरंग तयार झाला. तो पळाला नाही. दरबार भरला, सगळे अर्थातच उभे. पुरोहित म्हणाले, "महाराज, प्रथम आपण."

राजाने धोंडोजींकडे पाहिले. बारा दिवस म्हातारा भिंतीशी उभा होता. गुडघे नारळाएवढे सुजले होते. राजा पुढे झाला, त्याने त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "धोंडोजी, या. बसा."

धोंडोजींचे तोंड विड्याने भरलेले. त्यांनी नुसती मान हलवून नको नको केले. राजाने हात सोडला नाही. म्हातारा वाकला, कण्हला, आणि टेकला.

चौरंग हलला नाही.

तेव्हा सात टेकड्यांतून एकच मोठा सुस्कारा आला. दाई ओट्यावर टेकली. कोष्टी मागापाशी बसले, कुंभार चाकापाशी. दूरच्या वाडीतून जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यामागून ओवी. दरबारातले मानकरी जिथे होते तिथे फरशीवर धपाधप बसले आणि मांड्या थोपटू लागले.

धोंडोजींनी विडा थुंकला. मिशा पुसल्या. सारा दरबार त्यांचे पहिले शब्द ऐकायला कान देऊन बसला.

"महाराज," ते म्हणाले, "डावा मागचा पाय बोटभर आखूड आहे. खाच सैल आहे. कडा मारलेल्या नाहीत. आणि रंधा असा धरतात होय? बारा दिवस जीव टांगणीला लागला माझा!"

राजा त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. "सगळे सांगा," तो म्हणाला. "मी ऐकतो आहे."

धोंडोजी सांगू लागले, ते वरातीचे चौघडे वेशीवर ऐकू येईपर्यंत सांगत राहिले. केतकी बोहल्यावर बसली, अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि पंगती बसल्या. पृथुसेन राजाने पुढे अनेक वर्षे राज्य केले, आणि तेवढीच वर्षे सुतारकाम केले. राज्य त्याला छान जमले. चौरंग एकही धड जमला नाही. ज्यांच्या घरी ते चौरंग गेले त्यांनी आखूड पायाखाली पानाची घडी सारली आणि आनंदाने वापरले.

सांगणाऱ्याचा घसा आणि ऐकणाऱ्यांचे गुडघे सलामत राहोत.