आंबेदऱ्याचा वाघसापळा

आंबेदऱ्याच्या खिंडीत काळ्या दगडाची एक बुटकी कोठडी आहे. पुढे वाघाची खोली, मागे आमिषाची, मध्ये दगडी जाळी. गावातले म्हातारे पाहुण्यांना ती हौसेने दाखवतात. मागच्या खोलीचे झाकण का फोडले आहे, ते मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

फार जुनी गोष्ट. एका वर्षात वाघाने गावची सात माणसे नेली, असे सांगतात. तेव्हा धोंडू पाथरवटाने हा सापळा घडवला. पुढच्या दाराची शिळा दोराने टांगलेली, दोर आत खुंटीला अडकवलेला. वाघाचा पाय फळीवर पडला की खुंटी सुटायची आणि शिळा धाडकन खाली. मागे शेळी बांधायची. जाळीतून तिचा वास जाईल, वाघाचा पंजा जाणार नाही. वरचे झाकण चौघांशिवाय हलत नसे. शेळीदेखील मरू नये एवढी काळजी धोंडूने घेतली, आणि तिथेच माशी शिंकली.

वाघाला माणसाची चटक लागलेली. तीनदा येऊन तो बाहेरूनच शेळी हुंगून परत गेला. पाटील म्हणाले, "शेळी वाचती म्हनतोस, मंग मानूस बी वाचंल. तुझ्याच घरचं बसीव."

धोंडू स्वतःच निघाला. पण आईमागे त्याला वाढवणारी थोरली बहीण आवडाक्का आडवी आली. "दार अडकलं तर नीट कोन करंल? मी बसते."

"आक्का, तुझ्या केसाला धक्का लागायचा न्हाई," धोंडू म्हणाला.

पहाटे वाघ सापडला. गावाने पुढच्या खोलीच्या फटींतून भाले घालून त्याला आतच मारले. झाकणाखालून आक्काने आवाज दिला, "बरी हाय मी." ते ऐकून सगळे निर्धास्त झाले, आणि ढोल सुरू झाला. पाटलांनी धोंडूच्या डोक्याला फेटा बांधला. झाकण उचलायला आलेल्या चौघांनीच वाघ बांधलेला वासा खांद्यावर घेतला. धोंडूला वाटले, चौघांनी आक्काला काढले. चौघांना वाटले, भाऊ काढील. मिरवणूक तीन गावे फिरली. दिवस वैशाखाचे होते.

सांज झाली तेव्हा धोंडू फेटा दाखवायला घरी धावला, म्हणे. चूल थंड होती. तो तसाच उलट्या पावली खिंडीकडे पळाला. दगड अजून चटका देत होता. त्याने घणाने झाकण फोडले. आक्का जाळीला तोंड लावून बसली होती, वारा तेवढ्याच बाजूने येत होता म्हणून. अंगावर ओरखडा नव्हता, श्वासही नव्हता. धोंडूचा शब्द खरा ठरला होता. त्याने पुन्हा छिन्नी धरली नाही.

आजही आंबेदऱ्यात वरात असो की पालखी, ढोलावर टिपरू पडण्याआधी गावचा वडीलधारा घराघराचे नाव घेऊन विचारतो, "मागं कोन ऱ्हायलं?" घरोघरची ओ येते. शेवटी तो "आवडाक्का" अशी हाक मारतो आणि सगळे गप्प उभे राहतात. आता तिला कोणी विसरत नाही. पोरेसोरेदेखील हाकेची वाट पाहतात, कारण ती झाली की ढोल वाजतो.